अक्का कधी रडल्या

तुमच्या डोळ्यांदेखत कुणी 'तुम्ही' झालंय का कधी? माझ्या नणंदेसमोर, आमच्या अक्कांसमोर झालं. अक्कांचे यजमान वारल्यावर त्यांची शाळेची व्हॅन अक्कांनीच बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये वर्षानुवर्षं चालवली. त्यावर पुण्याचा एक मुलगा सिनेमा करतोय. अर्ध्यात खऱ्या अक्का बोलतात, अर्ध्यात एक नटी अक्का होते.

परवा अक्का पहिल्यांदा व्हॅन घेऊन निघतात, तो प्रसंग होता. नटी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडू लागली. अक्का उठल्या, थेट कॅमेऱ्यासमोर गेल्या आणि त्यांनी व्हॅनचं दार उघडलं.

"स्वल्प सरक गं."

"अक्का, शूटिंग चालू आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"असू दे. मागे मुलं बसली होती. रडले असते तर रस्ता दिसला असता का?"

त्याने कॅमेरा बंद केला नाही. "मग रडलात कधी?"

"मुलं शाळेत उतरल्यावर. व्हॅन बाजूला लावून."

मी चहा देणाऱ्यालाही सांगितलं, की ही माझी नणंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रसंग पुन्हा घेतला. नटी कोरड्या डोळ्यांनी व्हॅन चालवत होती आणि शेजारच्या सीटवर खऱ्या अक्का बसल्या होत्या.