नेम बंदुकीचा का माणसाचा?

नेम कोणाचा असते हो? बंदुकीचा का माणसाचा?... नाही, हसू नका, सांगा नं! एवढे मोठे मोठे लोक बसले तुम्ही इथं, कोणी रेल्वेत, कोणी प्लँटात, कोणी कलेक्टर ऑफिसात, अन् मी लहानू, सातवी नापास, भनपुरीत ट्रकमध्ये पोते-बोरे चढवणारा. मी ज्याले ज्याले हे विचारलं त्यानं मले भलतंच सांगितलं. कोणी म्हणे लायसन आहे का, कोणी म्हणे दुर्बीण कोणती लावली, कोणी म्हणे चहा घे. अरे, चहा काय घे! मी विचारून काय राहिलो अन् तुम्ही पाजून काय राहिले!

आता जलदान झालं, भंतेजी गेले, तुमचं जेवण झालं. बसा पाच मिनिट. तुमाले पहिल्यापासून सांगतो.

महादेव घाटाचा पुन्नी मेळा होता, पौर्णिमेचा. आम्ही तिघं एका गाडीवर गेलो, मी, भूषणदादा, अन् मधात रीना वहिनी. मेळ्यात तो फुग्याचा फळा असते नं, छर्ऱ्याची बंदूक घ्या अन् फुगे फोडा, तिथं वहिनी थांबली. म्हणे, "अहो, तो गुलाबी फोडून दाखवा." झालं! आता दादा कोण? सिलतऱ्याच्या प्लँटात क्रेन चालवणारा! खालचा माणूस नुसतं बोट हलवते अन् हा वरून लोखंडाचा अख्खा गर्डर असा ठेवते, जशी तव्यावर पोळी ठेवावी. त्याले एक फुगा म्हणजे काय? त्यानं बाह्या सारल्या, चष्मा पुसला, बंदूक डाव्या खांद्याले लावली, कारण दादा डेबरा, जेवणही डाव्या हातानं, अन् मारला छर्रा. गुलाबी तसाच. दुसरा मारला, गुलाबी तसाच. तिसरा तर फळ्यालेच नाही लागला, मागं जलेबीवाल्याच्या कढईवर टण्णकन वाजला. जलेबीवाला झारा घेऊन उभा! अन् तो फुगेवाला, दात कोरत कोरत, काय म्हणते माहीत आहे? "बंदूक म खोट नइ हे भइया, तोर आँखी म हे."

तोर आँखी म! खोट डोळ्यात म्हणे! माझ्या भावाले!

मी तर त्याचा फळाच उचलणार होतो. दादानं मले कॉलरले धरून मांगं ओढलं. पण गाडीवर बसल्यावर यानं पहिले आरशात आपलाच डोळा पाहिला. मंग म्हणते, "लहान्या, नळी वाकडी होती." अन् वहिनी मधातून, "हव, हव... नळीच वाकडी होती." असं म्हणे ती, अन् एवढी हसे, एवढी हसे, का गाडी डोलून राहिली होती. दादा नाही हसला. म्हणे, "याचा निकाल लागला पाहिजे. नेम बंदुकीचा का माणसाचा?"

आता निकाल लावाचा कसा? तर दादाचं म्हणणं असं, का आपण एक बंदूक घ्यायची, कारखान्यातून सरळ आलेली, नळी एकदम सुतात, जिच्यात काहीच खोट नाही. मंग गुलाबी फुगा चुकला तर मी चुकलो, कबूल! अन् खेळाडू लोकाची जी निशाण्याची बंदूक असते तिची किंमत ऐकूनच आम्ही दुकानाची पायरी उतरलो होतो. बेताच्या खिशात नेमाची बंदूक पाहिजे, तर ते शिकारी मॉडेल म्हणतात ते. छर्ऱ्याचीच, लायसन न लागणारी, पण नाव शिकारी.

अन् हे नाव आमच्या मायच्या कानावर गेलं... अरे बापा! सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "शिकारी? रोज सकाळी पाणातिपाता, जीव मारणार नाही, म्हणतं कोण या घरात? मी का तू?" दादा म्हणे, "माय, फुग्याची शिकार आहे." माय म्हणे, "आज फुगा, उद्या कबुतर, परवा तुह्या सासऱ्याची कोंबडी!" शिकार बंद आहे, गुन्हा आहे, दादानं आयुष्यात मुंगळा नाही मारला, सगळं सांगून झालं. पण माय म्हणजे माय. एक शब्द पकडला का घोरपडीसारखी धरून बसते.

आता दुकानाचं ऐका. पुष्कर भैयाचं दुकान. तुम्ही कधी बंदूक घ्यायले गेले आहा का? नका जाऊ. साडी घेणं सोपं! तो काउंटरवर एकावर एक बंदुका मांडते. "भैया, ये देखिए, क्या स्पीड है! गोली दिखती ही नहीं!" दादा म्हणे, "गोली नको दिखू दे, लागते कुठं ते दाखवा." "भैया, इसके साथ दूरबीन फ्री है!" दादा म्हणे, "फुकटची दुर्बीण पहिल्या झटक्यात हलते. पहिले नळी पाहू, दुर्बीण मंगा." "भैया, ये वाली जंगल कलर में है, पत्तों में छुप जाती है!" आता मले सांगा, आमच्या गच्चीवर पत्ते कुठं आहेत? मायचं तुळशीएवढं कढीपत्त्याचं झाड, त्यात काय लपते? मी म्हटलं, "दादा, हीच घे, लय भारी दिसते." मले तर सगळ्याच भारी दिसून राहिल्या होत्या. मी असतो तर पहिलीच उचलली असती अन् घरी येऊन मंग पाहिलं असतं काय आणलं ते. पण दादा! घोडा दाबून पाहे, हळू, परत हळू, म्हणे हा रेतीत पाय पडल्यासारखा सुटते, हा नको. दस्ता गालाले लावून पाहे, तर गालाची उशी उजव्या बाजूवाल्याची. डेबऱ्याचा गाल काय माणसाचा गाल नाही? पुष्कर भैया म्हणे, "लेफ्टी का माल नहीं आता भैया, आप सीधे हाथ से सीख लीजिए." घ्या! क्रेन डाव्या हातानं, बायकोचा हात धरला डाव्या हातानं, अन् फुगा उजव्या हातानं फोडा!

वरून आमचे यशवंतराव काका. हे पाहा, तिथं बसले आहेत, मान खाली घालून. रेल्वे पोलिसातून रिटायर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते आले. "अबे, आमच्या थ्री-नॉट-थ्रीले दुर्बीण होती का? डोळा पाहिजे, डोळा!" मी म्हटलं, "काका, म्हणजे नेम माणसाचा नं?" तर म्हणे, "तसं नाही, बंदूकही पाहिजे." मंग पुष्कर भैयाले विचारलं, तो म्हणे, "बंदूक का ही होता है." मी म्हटलं, मंग चुकलं तर वापस घेता का? तर म्हणे, "नहीं भैया, फिर तो चलाने वाले का होता है." आता सांगा! लागलं तर बंदुकीचं, चुकलं तर माणसाचं! हा काय न्याय झाला?

असे किती रविवार गेले काय माहीत. शेवटी दादानं घेतली ती सगळ्यात साधी. ना जंगल कलर, ना फुकटची दुर्बीण. लाकडी दस्ता, दोन्हीकडून सारखा, कोणत्याही गालाले चालणारा. थोडी वजनदार. दुर्बीण वेगळी घेतली, लहान पण घट्ट. अन् छर्रे चार प्रकारचे चालवून पाहिले, म्हणे, "लहान्या, प्रत्येक नळीले सगळे छर्रे नाही जमत. तिले कोणता पटते ते तिलेच विचाराव लागते." दुकानाच्या मांगं लांब बोळ आहे, तिथं पोत्यांसमोर कागद लावला अन् दादा बसला. मारे, पाहे, दुर्बिणीचा स्क्रू एक टिचकी फिरवे, परत मारे. मी म्हटलं, "दे, मी घट्ट धरतो." म्हणे, "घट्ट धरली का चुकली. स्प्रिंगची आहे, उडते. तिले उडू द्यायचं. आपण नुसतं टेकवून ठेवायचं."

मले तर समजलंच नाही. मी आयुष्यात जे धरलं ते घट्टच धरलं.

पण शेवटचे छर्रे, तुमाले सांगतो, एकाच भोकात! कागदावर भोकच वाढे ना! पुष्कर भैया म्हणे, "अब स्क्रू को हाथ मत लगाना भैया. ये आपकी आँख से सेट हो गई." दादाचा चेहरा पाहाले पाहिजे होता. म्हणे, "आज इथंच राहू द्या. आधी मायले पटवतो, मंग नेतो. लहान्या, रविवारी गच्चीवर गुलाबी फुगा बांधतो अन् तुह्या वहिनीसमोर निकाल लावतो."

रविवार आलाच नाही.

ड्यूटीवरून येत होता. भनपुरीचं वळण. एवढा रुंद रस्ता, हो! भर दुपार, रस्ता रिकामा, अन् त्या ट्रकले एवढ्या मोठ्या रस्त्यात माझा भाऊच सापडला! त्याची नळी नाही वाकडी झाली? त्याचा नाही चुकला?...

थांबा. पाणी नको. सांगू द्या.

मंग तुम्ही सगळे आले. अन् एक एक जण मले जवळ घे, पाठीवर हात ठेवे अन् काय म्हणे? "माणसाचा काही नेम नाही, बापू." तुम्ही म्हटलं. काकानं म्हटलं. बल्लारशाहच्या मामानं फोनवर म्हटलं. काहून नाही नेम? होता नं! मी पाहिला नं कागद! एकच भोक होतं! तुमच्या सगळ्यापेक्षा माझ्या भावाले नेम होता!

मंग दुकानातून फोन. "भैया, आपका सामान पड़ा है." मी गेलो, घेऊन आलो. खोक्यावर हे एवढं मोठं हरीण छापलेलं. कारखानावाल्याले दुसरं काही नाही सापडलं? मायनं ते हरीण पाहिलं अन् भिंतीकडे तोंड केलं. म्हणे, "भूषणच्या जलदानाच्या आधी हे घराबाहेर गेलं पाहिजे." काका म्हणे, "माह्याकडे दे, बांदर हाकलाले कामात येईन." पुष्कर भैया म्हणे वापस नाही, बदलून देतो. सगळ्यायले घाई! मी म्हटलं, एक फुगा. फक्त एक. मंग काय करायचं ते करा.

काल सकाळी गच्चीवर गेलो. गुलाबी फुगा आणला, दोरीले बांधला. मारला. चुकला. परत मारला, चुकला! तीच बंदूक, तोच छर्रा, अन् सगळे एक हात उजवीकडे! काका शेजारच्या गच्चीवरून उडी मारल्यासारखे आले. "अबे, ती भूषणच्या डोळ्यानं सेट आहे. दोन टिचक्या फिरव, तुह्या डोळ्याले बरोबर होते." अन् खिशातून नाणं काढून स्क्रूले लावलंही त्यांनी! मी हात झटकला. त्यांचा, मोठ्या माणसाचा. काका, माफ करा... पण मले तेव्हाच समजलं हो. तो नेम तिथं होता! त्या दोन स्क्रूत! माणूस गेला अन् नेम राहिला! अन् हे नाण्यानं काढून टाकून राहिले!

मंग मी खाली गेलो, दादाचा जुना चष्मा आणला, लावला. बंदूक डाव्या खांद्याले. म्हटलं, दादासारखा बसतो, मंग लागणारच. आता त्या चष्म्यातून मले काय दिसते? तळ्याच्या खालून पाहिल्यासारखं! गुलाबी असं काहीतरी हलून राहिलं होतं. घट्ट नाही धरली. नुसती टेकवली. अन् दाबला घोडा...

फट्!

चष्मा काढून पाहतो तर फुगा तसाच डोलून राहिला. अन् काकाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, ती उन्हानं तडकलेली जुनी, तिच्यातून धार! अशी धार, जशी नळाले नाही येत आमच्या मोहल्ल्यात! काका ओरडले, "कोणी फोडली बे?" अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादानं."

आवाज ऐकून वहिनी वर आली. इतक्या दिवसात एक शब्द बोलली नव्हती ती. तिनं धारेकडे पाहिलं. फुग्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. अन् एकदम हळू म्हणे, "हव, हव... नळीच वाकडी होती."

अन् खाली गेली. मले वाटलं रडाले गेली. तर ती नखाले लावाचं पॉलिश घेऊन आली. गुलाबी. माझ्या हातात दिलं अन् स्क्रूकडे बोट दाखवलं. मागून माय जिना चढून आलेली, दम लागलेला, म्हणे, "ठेवायची तर ठेवा. पण त्या हरणावर चादर टाका, ते मले पाहून राहिलं."

मी खाली बसलो. एका स्क्रूवर लावलं, दुसऱ्यावर लावलं, काठापर्यंत, एक टिचकीही फिरू नये असं. काका भिजलेल्या चपला घेऊन डोक्यावर उभे. "अबे लहान्या, आता हिचा नेम कोणालेच नाही लागणार!"

मी म्हटलं, "नाही लागला तर नाही लागला." अन् फुंकर मारून पॉलिश वाळवलं.