पमीच्या गाडीला कुठलं टायर?

…नाही, पण मी म्हणतो, टायर ही काय माणसाने बसून निवडायची गोष्ट आहे का? सांगा ना! गोल असतं, काळं असतं, हवा भरायची आणि निघायचं! आमचा सगळा जन्म असाच गेला, हो. मी उखर्डू चौधरी, मूळचा असोद्याचा, आता जळगावात, आणि सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर… जळगाव-धुळे, धुळे-जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, डोळे मिटून खड्डे सांगीन. पण टायर? टायर डेपो लावतो! जुनं असेल तर जुनं, वरून रबर चढवून आणलेलं असेल तर तसं. सकाळी डेपोत कोणी विचारतं का, 'उखर्डूभाऊ, आज कोणतं टायर आवडेल आपल्याला?' नाही विचारत! आणि तुम्हाला सांगतो, तेच बरं असतं. फुटलं तर डेपोचं फुटलं, घसरलं तर डेपोचं घसरलं, आपण आपलं घरी येऊन अंग टाकलं की झोपलो. एसटी बरी होती, हो… एसटी बरी होती.

आणि आता रिटायर झाल्यावर हे काय आलं नशिबी? तर आमची पमी. प्रमिला. एकुलती एक पोर, डॉक्टर झाली, पारोळ्याच्या पुढे आडरस्त्याला एक गाव आहे तिथल्या आरोग्य केंद्रात सरकारी नोकरी लागली. तिथे राहायला खोली आहे, पण त्या खोलीत पाऊस आधी पडतो आणि अंगणात नंतर, म्हणून ही रोज जळगावहून जाते नि येते. मी म्हटलं, बरं आहे, पास काढून देतो, सगळे कंडक्टर ओळखीचे, खिडकीची जागा धरून ठेवतील. तर ही काय घेऊन आली? लाल गाडी! झेन! बुटकी, गोलगोल, दारात उभी असली तरी वाटतं दबा धरून बसलीय. आणि पळते कशी म्हणता! आमची बेबाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, दारातून हात हलवते… तो हात खाली येईस्तोवर पोरगी बांभोरीच्या पुलावर!

तर एक दिवस जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकरी, ठेचा, सगळं सुखात चाललेलं, आणि पमी भाकरी मोडता मोडता म्हणते कशी, "आबा, आज एरंडोलजवळ गाडी फिरली जरा." फिरली म्हणजे? "म्हणजे शेतातून ट्रॅक्टर निघाले होते ना, रस्त्यावर काळी माती, वरून भुरभुर पाऊस. मी वळणावर होते. गाडी गर्रकन फिरली आणि तोंड जळगावकडे करून उभी राहिली. कोणाला लागलं नाही. ठेचा द्या ना इकडे."

ठेचा द्या! बेबाबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून आली. मी उठलो, बाहेर गेलो, टायरावरून हात फिरवला आणि मग स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. काही फरक नाही! दोन्ही सारखंच गुळगुळीत! मी म्हटलं, पमे, हळू चालवत जा. तर म्हणते, "हळू नाही जमत, आबा. टायर बदलायला झालीत. तुम्हीच निवडा ना, तुम्ही ड्रायव्हर!"

झालं! तुम्हाला सांगतो, छाती फुगली आणि धास्तीही बसली, दोन्ही एकदमच. कारण उद्या ती एकशे दहाने जाणार, आणि तिच्या खाली काय असणार? बापाने निवडलेलं रबर!

गेलो जळगावातल्या दुकानात. सोबतीला तोताराम, माझा जुना कंडक्टर, त्याला वाटतं अजूनही त्याने घंटी वाजवल्याशिवाय मी हलू नये. दुकानदार तरणाबांड, शर्ट खोचलेला. "या काका, या! गाडी कोणती? स्पीड किती असते?" मी म्हटलं, पन्नास. तोतारामने मागून चिमटा काढला. मी म्हटलं, "…एकशे दहा." चोरी कबूल केल्यासारखं! तो खूशच झाला. "मग काका, रुंद टाका. आत्ता रुंदी एकशे पंचेचाळीस आहे, एकशे पासष्ट टाकू, गाडी रस्त्याला चिकटून राहील. फक्त सांगा, पकड पाहिजे, का टिकाऊ पाहिजे, का आराम पाहिजे?"

मी म्हटलं, तिन्ही.

हसला, हो! "काका, तिन्ही एका टायरात नसतं. मऊ रबर धरतं पण झिजतं. कडक रबर टिकतं पण ओल्यात सुटतं. आणि रुंद, बुटकं बसवलं की खड्डा थेट कमरेत." आता बोला! वर मला अक्षरं दाखवतो, "हे बघा, हे एस, हे टी." मी दचकलो. एस आणि टी? "स्पीडची अक्षरं आहेत काका. एस म्हणजे एकशे ऐंशीपर्यंत, टी म्हणजे एकशे नव्वद." तोताराम लगेच, "उखर्डू, पुढे एस टाक, मागे टी टाक, पोरगी आपोआप चाळीसने जाईल!" हसू नका. मी तेव्हा खरंच त्याचा विचार केला होता.

मग जो भेटेल तो टायर सांगायला लागला. तोताराम म्हणे, कडक घे, पोरीचं लग्न होईल, तिची पोरं शाळेत जातील, टायर तेच राहील. एक जण म्हणे, जीपचं बसवा. जीपचं! त्या टायरांत मग गाडी कुठे बसवायची? आणि घरी बेबाबाई… "पोरीच्या लग्नाचं पाह्याचं सोडीसन टायर काय पाहता जी तुमी?" अगं, नवरा ती स्वतः पाहील, टायर माझ्यावर टाकलंय तिने! झोप उडाली माझी. डोळे मिटले की काळी माती दिसायची आणि लाल गाडी गोल फिरायची. एसटी बरी होती, हो!

शेवटी म्हटलं, आधी पोर चालवते कशी ते तर पाहू. एक दिवस सकाळी बसलो तिच्या शेजारी. बसलो म्हणजे काय, रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखं, ट्रकची चाकं कानाला लागतायत! आणि माझा उजवा पाय… एरंडोलपर्यंत तो पाय मी नुसता दाबून धरला होता, जिथे ब्रेकच नाही तिथे. पण एक सांगतो, चालवते नीट. आरसा बघते, वेळेवर गिअर टाकते, बैलगाडी दिसली की आधीच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढते. मी चूक शोधत होतो आणि सापडत नव्हती, आणि त्याचाच मला राग येत होता!

केंद्रावर पोचलो, ती पेशंटमध्ये, मी ओट्यावर. दुपारकडे एक बैलगाडी आली. गाडीत गोधडीवर एक पोर, ताईबाई नावाची, विशीचीसुद्धा नसेल, दिवस भरलेले, आणि गोधडी… नाही, ते नाही सांगत. बरोबर तिची सासू, झुंबरबाई, हात नुसते हवेत. पमी आत घेऊन गेली आणि लगेच बाहेर आली. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "आबा, धुळ्याला न्यावं लागेल. इथे ऑपरेशन होत नाही. रक्त थांबत नाहीये." मी म्हटलं, केंद्राची जीप? तर जीप होती, तिचं इंजिन मात्र खाली काढून ठेवलेलं. "लाल गाडीतून नेते, आधीही नेलंय. पण मला मागे तिच्याजवळ बसावं लागेल. आबा… तुम्ही चालवा."

मी!

अहो, ती गाडी मी अंगणातून फाटकापर्यंतसुद्धा काढलेली नव्हती! पण नाही कोणाला म्हणायचं? मागे ताईबाई आडवी, तिचं डोकं पमीच्या मांडीवर, पुढे माझ्या शेजारी झुंबरबाई, मागे तोंड करून, सलाईनची बाटली वर धरून. मी चावी फिरवली आणि सवयीने बसचं स्टीअरिंग वळवतात तसं दोन्ही हातांनी अंग टाकून वळवलं… गाडी थेट गोठ्याकडे! तिथून कशीबशी रस्त्याला लावली, आणि मग दोन्हीकडून सुरू. मागून पमी, "आबा, जोरात!" आणि शेजारून झुंबरबाई, "ओ नाना, धीरे चालाडा! अय माय, हाई गाडी शे का उडतं इमान?" जोरात! धीरे! जोरात! धीरे! आणि माझा पाय तिसऱ्याच कोणाचं ऐकत होता, तुम्हाला सांगतो. रस्त्याकडेला थांब्यावर कोणी हात केला की पाय आपोआप उचलायचा! सगळ्या नोकरीची सवय, हो! मुकटीच्या अलीकडे एका माणसाने छत्री वर केली तर मी गाडी जवळपास उभीच केली. पमी ओरडली, "आबा, ही एसटी नाही!"

नाही, ती एसटी नव्हती. मग मी पाय दाबला. सगळ्या नोकरीत दाबला नव्हता इतका दाबला. काटा कुठे गेला ते पाहिलं नाही, कारण मागे ती पोर आधी कण्हत होती आणि आता कण्हायची थांबली होती, आणि पमी तिला सारखी हाका मारत होती, "ताईबाई, डोळे उघड. ताईबाई, माझ्याकडे बघ." आणि तेवढ्यात वळण आलं… ट्रॅक्टरची काळी माती, रस्ताभर, ओली. मला दिसली. मला कळलं. पण गाडी वळणात शिरली होती, आणि मागची चाकं सुटली, हो… सुटली! कसं सांगू तुम्हाला, खाली काही नाहीच असं वाटतं. बस घसरते तेव्हा आधी कुरकुरते, सांगून घसरते. ही काही बोललीच नाही. माझा पाय ब्रेककडे निघाला आणि मागून पमी, अगदी हळू, "आबा, ब्रेक नको. स्टीअरिंग नुसतं धरा." आणि मी ऐकलं. ब्रेक नाही लावला. नुसतं धरलं. रस्त्याला टेकलेलं असतं किती हो टायर? तळहाताएवढं! चार तळहात, आणि त्यावर आम्ही चौघं आणि एक अजून जन्मायचं होतं ते. गाडी तिरपी गेली… गेली… एक बाभूळ माझ्या खिडकीच्या अगदी जवळून मागे गेली… आणि मग चाकांना कुठेतरी डांबर लागलं, हिसका बसला, आणि गाडी सरळ झाली.

बाटली? झुंबरबाईने बाटली सोडली नव्हती. स्वतः बाजूच्या काचेवर आपटली, कपाळाला टेंगूळ, पण बाटली वरच.

धुळ्याला पोचलो. ताईबाईला आत नेलं, पमी आत गेली, मी पायरीवर बसलो. झुंबरबाई शेजारी येऊन बसली. मग विचारते, "नाना, याना पहिले तुम्ही काय चालाडेत?" मी म्हटलं, यष्टी. माझ्याकडे नीट पाहिलं तिने. "यष्टी तर कधी अशी पयनी नही, माय!"

खूप वेळाने पमी आली. एप्रन पार भरलेला. म्हणाली, ऑपरेशन झालं, मुलगी आहे, दोघी आहेत. ताईबाई खूप अशक्त आहे, पण आहे. झुंबरबाईने मुलगी का मुलगा ऐकलंच नाही, ती नुसती विचारत होती, "जगनी ना? मनी सून जगनी ना?" पमीने तिचे दोन्ही हात धरले. मी दुसरीकडे पाहिलं. बाप असलो तरी काही गोष्टी माणसाने पाहू नयेत.

आणि मी तिथून उठून कुठे गेलो असेन? तसाच, घामाने भिजलेला शर्ट, गाडीची मागची सीट लाल, आग्रा रोडवर टायरचं दुकान दिसलं तिथे गाडी घातली. मालक भटूभाऊ, गादीवर बसलेला. "या नाना, काय पाहिजे? आपलाकडे बठ्ठं शे!" मी म्हटलं, सगळं नको, जे सगळ्यात जास्त धरतं ते दे. चारही. त्याने मऊ, रुंद काढलं, नखाने दाबून दाखवलं. "पन नाना, हाई लवकर घसाई जाई." मी म्हटलं, झिजू दे. "खड्डा माझार कंबर दुखी." दुखू दे! अक्षर कोणतं? "टी शे." म्हटलं, एवढंच? याच्यावरचं नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारा शर्यतीला चाललाय.

बसवली. आता गाडी जराशी रुंद दिसते, स्टीअरिंग जड झालंय, बेबाबाई एकदाच बसली आणि उतरून म्हणाली, "याच्यापेक्षा बैलगाडी बरी." मला काही वाटलं नाही. पहिल्या रात्री मी कसा झोपलो म्हणता! घोरलो! म्हटलं, निवडलं बुवा आपण, बरोबर निवडलं, आता पोर सुखरूप जाईल, सुखरूप येईल.

आठ दिवस झाले नसतील. पमी संध्याकाळी घरी आली ती हसतच, गळ्यात पडली माझ्या, आणि म्हणते कशी… "आबा, काय टायर निवडलीत हो तुम्ही! आधी वळणावर भीती वाटायची, पाय काढावा लागायचा. आता काढावाच लागत नाही!"

…

बरं, चला, निघतो मी. ब्रेकवाल्याचं दुकान एकला बंद होतं.