सातवी कॅसेट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय उज्ज्वलाताई बोढे, सत्कारमूर्ती आणि माझे ज्येष्ठ स्नेही कमलाकर सर पाउणीकर, जिच्या मेहनतीमुळे इंग्रजी मालिकेखाली आज मराठी ओळी दिसताहेत ती सरांची नात केतकी, शनिवार मंडळाचे आजी-माजी सभासद आणि समोर बसलेल्या वणीकर बंधुभगिनींनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. मंडळाचा चिटणीस म्हणून मी सव्वीस वर्षं काढली आणि सात मिनिटांत माझं प्रास्ताविकसुद्धा कधी आटोपलं नाही, हे जाणणारे लोक आताच चुळबुळ करू लागलेत. आमच्या सौभाग्यवती कुंदाताई पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवताहेत. दाखवू द्या. आज मला घाई नाही, पण फापटपसाराही करायचा नाही.

सरांबद्दल काय बोलावं? वणीच्या तीन पिढ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवलं. पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे नागपूरला कायमचे जात आहेत. आणि योग असा, की ज्या विलायती मालिकेमुळे आपलं शनिवार मंडळ उभं राहिलं, तिला यंदा पन्नास वर्षं पूर्ण झाली. तिकडे तिचा सुवर्णमहोत्सव होतोय. मग आपण वणीत का करतोय? अहो, ती कोळशाच्या गावाची गोष्ट. एक कुटुंब, बाप खाणीत, मुलगा म्हणतो मी खाणीत जाणार नाही. हे सांगायला विलायतेचा माणूस कशाला लागतो, आपल्या कॉलनीत घरोघरी हेच चाललं होतं.

नवीन मंडळींसाठी सांगतो. चौतीस वर्षांपूर्वी सरांच्या भावाने बर्मिंगहॅमहून सात व्हिडिओ कॅसेट पाठवल्या. एकूण तेरा भाग. सहा कॅसेटवर दोन-दोन आणि सातवीवर शेवटचा एकच, बाकी फीत कोरी. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात एक भाग. सर मधेमधे व्हीसीआर थांबवून मराठीत समजावून सांगायचे.

आता सरांची माफी मागून एक गुपित फोडतो. खाणीतले प्रसंग आले की सरांची गाडी अडायची. ती खाणकामगारांची इंग्रजी, पुस्तकातली थोडीच? अशा वेळी दाराजवळ उभा असलेला आमचा शिपाई बोलायचा. श्रावण नगराळे. खाणीत पायावर दगड पडला म्हणून वर येऊन वाचनालयात लागलेला माणूस. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण तो सांगायचा, "सर, थो कोणाशी बोलून नाही राह्यला. छत ठोकून आवाज आयकून राह्यला. पोकळ वाजलं का पळा लागते." आणि खरोखर, पुढच्या मिनिटाला पडद्यावरची माणसं पळत सुटायची. तिसऱ्या-चौथ्या शनिवारपासून लोक सरांपेक्षा श्रावणकडेच बघू लागले. सर, तुम्ही हसताय, म्हणजे खोटं बोलत नाही मी.

बारावा भाग संपला तेव्हा छत कोसळलं होतं आणि बाप खाली अडकला होता. तेरावा भाग पुढच्या शनिवारी. तो आठवडा अख्ख्या कॉलनीत एकच चर्चा, तो वर येतो की नाही. श्रावण म्हणायचा, येते. हवा असन त येते.

त्या शनिवारी कपाट उघडलं, तर सातवी कॅसेट नव्हती.

कपाटाला किल्ल्या दोन. एक श्रावणकडे, एक माझ्याकडे. आता मला सांगा, दोन किल्ल्या असताना सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे का वळाव्यात? मी बँकेत होतो, अमुक आळीतला होतो, तमक्या घरातला होतो. माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. हे मी उलगडून सांगायची गरज नाही, सभागृह सुज्ञ आहे.

कोणी चोर म्हटलं नाही हो! आपण सभ्य माणसं. आपण ठराव केला. "कॅसेट गहाळ झाल्यामुळे शिपायाकडील किल्ली परत घेण्यात यावी, सर्वानुमते." अक्षर माझं. खाली बावीस सह्या. श्रावणने किल्ली टेबलावर ठेवली, एवढंच बोलला, "मी नाही नेली, साहेब." दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. नंतर ट्रक उभे राहतात तिथे त्याने आणि इंदूबाईंनी चहाची गाडी लावली. चौतीस वर्षांत त्याने वाचनालयाची पायरी चढली नाही. बाजारातसुद्धा पोरं मागून ओरडायची, 'कॅसेट, कॅसेट'.

ती कॅसेट मी नेली होती.

थांबा. बसा, उज्ज्वलाताई. मला पुरतं बोलू द्या, नाहीतर पुन्हा जमणार नाही.

बाराव्या भागाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, एकदिवसीय सामना होता आणि मला नेरला मेव्हण्याच्या लग्नाला जाणं भाग होतं. म्हणून सामना टेप करायला वाचनालयाचा व्हीसीआर घरी नेला. कोरी कॅसेट गावात मिळाली नाही. सातवीवर फीत उरली आहे हे मला माहीत होतं. आता, कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्यावर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. सरांच्या भावाने सातही तोडून पाठवल्या होत्या, कोणी पुसू नये म्हणून. मी त्या भोकावर सेलोटेप चिकटवला. म्हणजे चुकून घडलं असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नाही. फीत पुढे सरकवायची, मग टायमर लावायचा, एवढंच काम. बस सुटत होती, कुंदा फाटकातून हाका मारत होती. मी टायमर लावला, फीत सरकवायची राहिली. नेरहून परत येऊन बघतो, तर पहिल्या मिनिटापासून क्रिकेट.

शनिवारी खरं सांगेन असं ठरवून गेलो होतो. देवाशपथ. पण सगळे श्रावणकडे बघत आहेत हे दिसलं, आणि मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं. त्याची मला आजही किळस येते. कुंदा, तुलाही हे आज कळतंय. घरी गेल्यावर बोल काय बोलायचं ते.

केतकी परवा सांगत होती, विलायतेतही जुन्या काळी टीव्हीवाले फिती पुसून पुन्हा वापरायचे, आता त्याच हरवलेल्या भागांसाठी लोक जगभर धुंडाळतात. क्षणभर मला बरं वाटलं, म्हटलं आपण एकटे नाही. पण त्यांनी फक्त फीत पुसली होती.

गेल्या मंगळवारी मी निमंत्रण घेऊन श्रावणच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो, आणि चहा पिऊन परत आलो. इंदूबाई म्हणाल्या, "आता कायले बलावता जी? तवा त हाकललं." तरी ते आलेत. शेवटून दुसऱ्या रांगेत, इंदूबाईंशेजारी, पांढरी टोपी. श्रावणभाऊ, कॅसेट मी नेली. तुम्ही निर्दोष आहात. मी सगळ्यांसमोर तुमची…

काय म्हणता? उभे राहू नका, पाय दुखेल. बोला.

पुढच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. श्रावणभाऊ म्हणतात, "मी नाही नेली हे मले त तवाच माहीत होतं. मले कायले सांगता? ज्यायनं सह्या केल्या त्यायले सांगाचं होतं."

बरोबर आहे.

बावीस सह्या होत्या. आज या सभागृहात आम्ही तिघं आहोत. सर, मागे बसलेले रोशनभाऊ, आणि मी. एकोणीस जण गेले, श्रावण नगराळे चोर आहे असं समजून. सर, तुम्ही मान खाली घालू नका, तुम्हाला मीच फसवलं.

असो. सरांना नागपुरात उत्तम आरोग्य लाभो. अध्यक्षांचे, केतकीचे आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मधेच कुठे शब्द चुकला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते तेवढं पोटात घाला. बाकीची क्षमा मी मागत नाही. ती ज्यांच्यासमोर मागायची होती, त्या एकोणीस जणांना मी स्मशानापर्यंत पोचवून आलो आणि तिथेही गप्प राहिलो.