स्कायलॅबची तार

मुनीर : लिही, एकोणीसशे एकोणऐंशी. तुझ्या अब्बाचा अकीका, बाळाच्या जन्माचा बकरा, झाला ते साल.

अमरीन : दादा, टीचरना डेट हवी. अकरा जुलै, स्कायलॅब पडला.

मुनीर : पडली. आमच्या गावात ती बाईच होती.

अमरीन : ते अमेरिकेचं पहिलं स्पेस स्टेशन होतं. तीन क्रू राहून आले. मग पाच वर्षं एम्प्टी.

मुनीर : रिकामी? आणि आम्ही मशिदीत भांडत होतो, आतली माणसं गावात पडली तर जनाज्याची नमाज पढायची की नाही!

अमरीन : तुम्ही घाबरला?

मुनीर : मीच घाबरवलं गावाला. मास्तरांनी फळ्यावर इंग्रजीत ‘स्कायलॅब’ लिहिलेलं. पहिलं अक्षर नागासारखं वळलेलं. मला तेवढं एकच यायचं. रविवारी इथून, मस्कतहून, तार आली, माझा भाऊ सकलैन तेव्हा इथे कामाला होता ना. तारवाला म्हणाला, वाचून दाखवू? मी म्हटलं, मला काय येत नाही? सगळा मोहल्ला बघत होता. सासऱ्यांचा चष्मा चढवला.

अमरीन : त्यातून दिसलं?

मुनीर : दिसून तरी काय उपयोग? पण सुरुवातीलाच नाग! ओरडलो, स्कायलॅब बुधवारी आपल्यावरच पडतेय, सकलैनने कळवलंय!

अमरीन : ओ माय गॉड. मग?

मुनीर : मग यल्ला, चला! मरायचंच तर कोंबड्या कुणासाठी राखायच्या? तीन दिवस वडे नि रस्सा. तुझ्या अब्बाचा अकीकाही घाईने उरकला. बकरा खाताना लोक म्हणाले, मुनीर भारी शिकलेला.

अमरीन : सो फनी! क्लासमध्ये सांगू?

मुनीर : सांग. सगळे हसतात. मी इथवरच सांगतो.

अमरीन : पुढे काय?

मुनीर : बुधवारी काही पडलं नाही. गुरुवारी मास्तर चिपळूणहून आले. त्यांनी तार वाचली. आधी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला, मग सांगितलं.

अमरीन : स्कायलॅब नव्हतं?

मुनीर : नाग तोच होता, नाव दुसरं. त्यानंतर सव्वीस वर्षांचा घोडा पहिलीच्या पोरांत बसून मुळाक्षरं गिरवायला लागला. तुझ्या अब्बाला हे सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत खाल्लेला बकरा त्याच्याच अकीक्याचा होता.

(अमरीन हसायची थांबते.)

अमरीन : दादा... लास्ट कॉलम राहिला. ‘किती माणसं मेली?’ बुकमध्ये झीरो आहे.

मुनीर : बरोबर आहे. स्कायलॅबने कुणी मेलं नाही. तो झीरो राहू दे. खाली जागा आहे ना? पेन इकडे दे, मी लिहितो. सकलैन, माझा मोठा भाऊ. मस्कतला, सात जुलै एकोणीसशे एकोणऐंशीला वारला.