पोरगी म्हणाली 'गेलो'

ह्यो किस्सा पुन्हा कशाला सांगायला लावताय? चहा पाजलासा म्हणून सांगतो, पण मधी कुणी हसायचं न्हाय.

नात सुप्रिया पुण्याला कॉलेजात लागली. मी तिला होस्टेलात सोडायला गेलतो. मला एसटीत बसवायला निघताना पोरीनं कॉटवर चिठ्ठी ठेवली, "आजोबांना सोडायला गेलो, सातला येतो." खाली नाव न्हाय.

स्टँडवर पोचतोय तवर होस्टेलच्या रेक्टर बर्वेबाईंचा फोन, ताबडतोब परत या. जाऊन बघतो तर पोरीची बॅग व्हरांड्यात.

बाई चिठ्ठी नाचवत म्हणाल्या, "हा 'गेलो' कोण? मुलींच्या खोलीत मुलगा? प्रवेश रद्द करते."

"अवो बाई, तीच गेलो! आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलत्यात."

"काहीतरी थापा मारू नका."

माझं डोस्कं फिरलं. सुनंला फोन लावला आन स्पीकरवर टाकला.

"मामा, भाकरी थापायला बसलोय," सून वरडली, "मागनं फोन करतो की!"

बाईंनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन बॅग आत न्या म्हणाल्या. चुकलं म्हणून एक शब्द न्हाय.

पोरगी तवापास्नं शुद्ध बोलाय लागली. काल फोनवर म्हणती, "आजोबा, मी जेवले." दुसऱ्याच कुणाची पोर बोलल्यागत वाटलं. फोन सुनंच्या हातात दिला. रात्रभर नुसता कूस बदलत पडलो.

लोक म्हणत्यात, सोडून द्या आता. का सोडू? माफी मागायची हाय अजून त्या बर्वेबाईंनी.