सोळाव्या मजल्यावर वर गेलेला हात

...नाही नाही, घाबरला म्हणू नका! तो शब्दच नको. अहो, सुरतेत आमच्या सगळ्या पर्वत पाटियात झालंय, भिकन मास्टर घाबरला, भिकन मास्टर घाबरला... कोण म्हणतं? वर कोण होतं माझ्याबरोबर? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं लूमच्या खात्यात मास्टर आहे मी, चालत्या मशीनमध्ये हात घालून तुटलेला धागा जोडलाय, आणि मी एका पाळण्याला घाबरणार? घाबरलो नव्हतो मी! हे आधी ध्यानात ठेवा, मग पुढचं ऐका.

आता पाळणा म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा नव्हे. पलसाण्याच्या पुढे हायवेला ते नवीन पार्क झालंय ना, तिथला रोलर कोस्टर. दोनशे फूट! म्हणजे वीस मजले! माणसाला वीस मजले वर न्यायचं, आणि वर काय आहे? घर आहे? ऑफिस आहे? काही नाही! वर न्यायचं ते फक्त खाली टाकायला! आणि हे असलं मशीन चालवायला कोण? तर आमची चंचल. माझी एकुलती एक पोर. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मला वाटलं सुरतेजवळच्या सचिन गावात एखाद्या कंपनीत लागेल, पंख्याखाली बसेल, कागद लिहील... तर ही म्हणते, ‘पप्पा, मी कोस्टरच्या पॅनलवर बसणार.’ तीन महिने ट्रायल, ट्रायल नीट गेली तर पक्की.

मी म्हटलं, हे बघ, शिरपूरचं स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे, तो थांबलाय. नोकरी पक्की झाली तर कर. नाही झाली तर शिरपूरला हो म्हणायचं. बोल, कबूल? ‘कबूल,’ म्हणाली. लगेच! विचारसुद्धा केला नाही! मग मलाच झोप नाही. कारण खरं सांगू का, मनात मला वाटत होतं, नको पक्की व्हायला. पोरीच्या जातीनं असल्या मशीनपाशी... बाप आहे हो मी.

तर ती म्हणते, ‘एकदा बसून बघा, मग नाही म्हणा.’ आणि जेवताना मला शिकवायला बसली! मला! वाटीतलं वरण बाजूला सारून, ‘पप्पा, उंच कोस्टर सगळे सारखे नसतात. एक असतो साखळीचा. खाली साखळी फिरते, गाडीचा आकडा तिच्यात अडकतो, ती ओढत वर नेते, आणि मागं घसरू नये म्हणून खटके असतात, खट खट खट वाजत जातात. दुसरा तारेच्या दोराचा, तो बिनआवाजाचा, भरभर वर नेतो. आणि परदेशात जे सगळ्यात उंच असतात ना, चारशे फुटांच्या वरचे, त्यांत हळूहळू चढणंच नाही! खालूनच सोडतात, चार सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटर, आणि सरळ वर!’ मी म्हटलं, आणि जोर कमी पडला तर? ‘तर शेंड्याजवळ जाऊन गाडी उलटी खाली येते.’ उलटी? ‘हो, पण खाली चुंबकाचे ब्रेक असतात ना, ते वीज नसली तरी धरतात. मग परत सोडतात.’ परत सोडतात! म्हणजे एकदा वाचलेल्या माणसाला परत सोडतात! आणि कसं सांगत होती, जणू पोळ्या लाटायला शिकवतेय.

अजून एक असतो म्हणे, कड्यावर नेऊन तोंड खाली करून तीन सेकंद नुसता थांबवतो. का? तर माणसाला खाली बघता यावं म्हणून! एकात पाय लोंबकळत ठेवतात, रूळ डोक्यावर. मी विचारलं, तुझ्यात काय काय आहे ते सांग. म्हणाली, ‘आमचा साखळीचा. उलटंपालटं काही नाही, नुसते डोंगर. शेंड्यावरून खाली जाताना सीटवरून जरा उचलल्यासारखं होतं. एकदम सोपा, पप्पा, तुमच्या वयाच्या माणसांसाठी.’ वयाच्या! आता तुम्हीच सांगा, यानंतर कुठला बाप नाही म्हणेल? घाबरून नव्हे हो, इज्जतीसाठी बसलो.

रविवार. ट्रायलचा शेवटचा दिवस. सोमवारी मॅनेजर जयंतभाई सही करणार. आमची सुंदरा, चंचलची आई, खाली बाकावर पिशवी घेऊन बसली, आणि जाताना मला काय म्हणते? ‘गुपचूप बसा. पोरनी नोकरी शे, काही येडापना करू नका.’ येडापना! मी!

पहिल्या रांगेत बसवलं. स्टाफचे पाहुणे म्हणून मान! शेजारी एक सुरती काका, पोट हे एवढं, हसतोय. मी आधी चाकं बघितली. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला, एक खालून, तिन्ही बाजूंनी रूळ धरलेला. ते मला पटलं. मशीन बनवणारा शहाणा आहे. पण मांडीवर काय? एक दांडा! खांद्याला पट्टा नाही, काही नाही! मी म्हटलं, अहो, पट्टा विसरलात! तिथला माणूस म्हणतो, ‘काका, गाडी उलटी होत नाही, म्हणून पट्टा लागत नाही.’ आणि गाडी सुटली.

आणि ऐका, त्या चंचलनं मला एक गोष्ट सांगितलीच नव्हती. चार सेकंदांत वर फेकणारा जो असतो ना, तो बरा! त्याच्यात माणसाला विचार करायला वेळच मिळत नाही. साखळीवाला दीड मिनिट लावतो, दीड मिनिट! खट... खट... खट... तुम्ही पाठीवर पडलेले, समोर नुसतं आभाळ, आणि डोकं मोकळं. मग सगळं आठवतं. विम्याचा हप्ता आठवतो, शिरपूरचा मुलगा आठवतो. पाचवा मजला गेला, उसाची शेतं दिसली. दहावा गेला, डाइंग मिलांची धुराडी दिसली, धुराडी खाली! मी धुराड्याच्या वर! खट... खट... सुरती काकाचं हसणं थांबलं. सोळावा मजला आला असेल, आणि... घाबरलो नव्हतो हो... माझा हात वर गेला.

आता हे समजून घ्या. लूमच्या खात्यात दीडशे मशीन एकदम चालतात, कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सगळे हातानं बोलतो. पंजा उघडा वर धरला आणि मूठ आवळली, म्हणजे मशीन बंद कर. तीस वर्षांची सवय! घरीसुद्धा तेच. चंचल चार वर्षांची होती तेव्हापासून मी मूठ आवळली की टीव्ही बंद करते. तर माझा हात वर गेला, पंजा उघडला, मूठ आवळली. मी नाही केलं, हातानं केलं! पण खाली पॅनलच्या खोलीत कॅमेऱ्याचा पडदा, पडद्यावर पहिली रांग, पहिल्या रांगेत बाप, बापाची मूठ... आणि पोरीनं बटण दाबलं.

खट. आणि मग काहीच नाही.

तुम्हाला सांगतो, तसली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. नुसता वारा. मागून कोणीतरी रडायला लागलं. सुरती काका माझा दंड धरून, ‘अरे भाई, आ सुं थयुं? केम अटकी गयुं?’ मी म्हटलं, काही नाही काका, चेक करतायत. तो म्हणतो, ‘सुं चेक करे छे? आपणने?’ तेवढ्यात लाउडस्पीकरवर आवाज आला, चंचलचा, ‘कृपया जागेवर बसून राहा. तांत्रिक तपासणी चालू आहे.’ आवाज थरथरत होता. सगळ्यांना नसेल कळला, मला कळला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, अरे भिकन, काय केलंस तू हे?

रुळाच्या बाजूनं जाळीचा जिना आहे. त्यावरून जयंतभाई येताना दिसले, मागं फिटर गोपाल. एकेक पायरी. वीस मिनिटं मी ती दोन डोकी मोठी होताना बघत बसलो. जयंतभाई पोहोचले, घाम, श्वास चढलेला, हातात वॉकीटॉकी चालू. म्हणजे खाली चंचल सगळं ऐकतेय! म्हणाले, ‘मास्टर, तुमची मुलगी म्हणते, माझ्या पप्पांनी बंदची खूण केली, त्यांना काहीतरी आवाज आला असणार, त्यांचा कान चुकत नाही. मी तुम्हाला सरळ विचारतो. आवाज आला होता का? कारण वीस माणसं विनाकारण हवेत लटकवली असतील, तर तिची ट्रायल इथेच संपली.’

बघा आता. शिरपूर माझ्या हातात! खरं बोललो की झालं! ‘नाही साहेब, हात चुकून गेला’, एवढं म्हटलं की पोर घरी, मुलगा बँकेत, सगळं माझ्या मनासारखं. पण त्या वॉकीटॉकीतून पोरीचा श्वास ऐकू येत होता हो.  माझ्या कानाची खात्री देऊन बसली होती ती, वीस माणसांसमोर, साहेबासमोर, नोकरी पणाला लावून. तुमच्यावर कोणी केलाय एवढा भरवसा? माझ्यावर नव्हता केला. 

मी म्हटलं, ‘हो. एक खटका कच्चा पडतोय. दर दहावा.’

साफ खोटं! खटके असे वाजत होते, की त्यावर भजन म्हणावं! पण तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. कुठलंही मशीन उघडा, काहीतरी सापडतंच. ओके मशीन म्हणजे न उघडलेलं मशीन. आता सगळं गोपालवर. गोपाल डब्याखाली वाकला. पहिला डबा, टॉर्च मारला, मान हलवली, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा. सुरती काका डोळे मिटून देवाचं नाव घेतोय, मी खटक्यातल्या एखाद्या ढिल्या स्प्रिंगचं घेतोय. पाचवा डबा झाला, जयंतभाई माझ्याकडे बघायला लागले, आणि शेवटच्या डब्याखालून गोपालचा आवाज आला, ‘साहेब, खटक्याची एक स्प्रिंग ढिली आहे खरी! दुसरा खटका धरून आहे, धोका नाही, पण बदलायला लागेल.’

मी डोळे मिटून घेतले. दमलो होतो म्हणून!

मग एकेक दांडा उघडून वीसही माणसांना जिन्यानं खाली आणलं. ते आणखी वेगळं, पायाखाली जाळी, जाळीखाली गाव. मी बसून बसून उतरलो, पायऱ्या तपासत, आणि लोक त्यालाच घाबरणं म्हणतात! खाली काकानं मिठी मारली, ‘तमे तो बचावी लीधा!’ सुंदरानं पिशवी टाकून माझा हात धरला आणि रडत रडत शिव्या दिल्या. जयंतभाईंनी सोमवारचीसुद्धा वाट बघितली नाही, तिथंच चंचलच्या कागदावर सही. शिरपूरला मीच फोन केला, म्हटलं, मुलगी कामात आहे.

संध्याकाळी चहा देताना पोर हळूच म्हणते, ‘पप्पा, एक विचारू? स्प्रिंग शेवटच्या डब्यात होती. तुम्ही पहिल्या रांगेत. एवढ्या वाऱ्यात, तिथवर ऐकू आलं?’ मी म्हटलं, कान आहे बापाचा! तर कप माझ्या हातात देत ती म्हणाली, ‘तेच मी जयंतभाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, येतील का? मी तुमच्या वतीनं हो म्हटलं. दर रविवारी सकाळी पार्क उघडायच्या आधी गाडी रिकामी फिरवतात ना, तिच्यात पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. तुमच्याशिवाय कोण आहे, पप्पा?’ आणि हसली नाही हो! एवढंसुद्धा हसली नाही!

आता सांगा, काय करू? खरं बोललो तर पोरीची नोकरी जाते, आणि गप्प बसलो तर दर रविवारी माझा जीव जातो... बरं, चला, निघतो, आज रविवार आहे.