बुधवारचा दोर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्रतापसिंहराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर अहल्याताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे श्रीकृष्ण पागेदार सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनेत्राकाकू, आणि समोरचे सगळे पालक, खेळाडू, स्नेहीजन, तुम्हा सर्वांना जय श्रीकृष्ण! या दारातून कोणी असं म्हणत आत आलं की सर आतून 'हजर!' असं ओरडायचे. आज ओरडले नाहीत. चालायचंच, सत्कारमूर्तीला थोडं गंभीर बसावं लागतं.

मी रसिका. एकोणीसशे त्र्याण्णवपासून, म्हणजे गेली दहा वर्षं, या व्यायामशाळेत आहे. आधी दोरीच्या मल्लखांबावर लटकत होते, आता मुलींना लटकवते. सरांचं काम उद्यापासून माझ्याकडे येणार आहे. किल्ली त्या तबकात ठेवली आहे. मी अजून उचललेली नाही. का, ते सांगते.

सरांची शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. पण इतर वस्ताद मेहनत करून घेण्यासाठी ओरडतात, आमचे सर झोपण्यासाठी ओरडायचे! मुलगी आली की आधी तिचं मनगट धरायचे. नाडी जोरात असली तर म्हणायचे, "हात गार, डोळे लाल. अभ्यासाला जागलीस ना? घरी जा, वरणभात खा आणि झोप." लांब समा भागातून स्कूटीवर धापा टाकत आलेल्या मुलीला असं परत पाठवलं की तिची आई भांडायला यायची. सर तिला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे आणि सांगायचे, "वहिनी, दोरावर शरीर दमतं. ते घडतं गादीवर, झोपेत." आई चहा पिऊन जायची, मुलगी दोन दिवसांनी यायची, आणि जी पकड महिनाभर जमत नव्हती ती जमायची. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आणि बुधवार! बुधवारी आपली शाळा बंद. मंगळवारी संध्याकाळी सर दोर मोकळा सोडतात आणि गुरुवार सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. आठवडाभर पडलेला पीळ एका दिवसात आपोआप सुटतो. मोकळ्या दोराचं टोक गादीच्या चार बोटं वर राहतं. कोणी चढलं की दोर ताणला जातो आणि टोक गादीला टेकतं. एवढं लक्षात ठेवा.

सत्त्याण्णव साली मी सोळा वर्षांची होते. राज्याच्या संघाची निवड आठवड्यावर आली होती आणि माझी एक अढी, म्हणजे दोरावरची पायांची पकड, सुटत होती. मला वाटलं, बुधवार फुकट का घालवायचा? भर दुपारी तीन वाजता मागच्या दाराने आत शिरायला निघाले. ओट्यावर शेजारच्या मंदाबेन तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, बुधवारे बंद छे. आजे ना जवाय." मी म्हटलं, चप्पल राहिली आहे.

आत उकाडा होता. पंखे बंद, खिडक्या बंद. तरी दोर टांगलेल्या छताच्या हुकाचा आवाज येत होता. कच्... कच्... सरावाच्या वेळी येतो तसा. मी वर पाहिलं. दोरावर कोणीही नव्हतं. खाली पाहिलं. टोक गादीला टेकलं होतं.

मी घाबरले, हे कबूल करायला मला लाज नाही. पळणार इतक्यात कोपऱ्यात सर दिसले. लाकडी स्टुलावर बसून वर बघत होते. हळू आवाजात म्हणत होते, "उतर, बाळ. आज सुट्टी आहे. उतर ना."

डॉक्टर अहल्याताई, तुम्ही मान हलवू नका. मीही शिकलेली मुलगी आहे. उष्णतेने दोर लांबतो का, हे मी पुढची सहा वर्षं पाहिलं. उन्हाळ्यात पाहिलं, पौषातल्या थंडीत पाहिलं. इतर दिवशी टोक चार बोटं वरच असतं. बुधवारी नसतं.

सरांनी मला परवा बोलावलं आणि जे सांगितलं ते इथे सांगायची परवानगीही दिली. सर, सांगू ना? सांगते.

मोहना ही सरांची आणि काकूंची मुलगी. आज असती तर माझ्याहून चार वर्षांनी मोठी असती. ब्याण्णव साली तिचीही निवड जवळ होती. तेव्हा या शाळेला सुट्टीच नव्हती. सकाळ-संध्याकाळ, सातही दिवस सराव. त्या बुधवारी ती वरून म्हणाली, "बाबा, बोटं ऐकत नाहीत." सर म्हणाले, "एकदाच अजून." पायाच्या अंगठ्यातून दोर सुटला आणि ती मानेवर पडली. काकू, मला क्षमा करा. पण अकरा वर्षं आम्हाला बळेच झोपायला पाठवणारा माणूस स्वतः का झोपत नव्हता, हे या सभागृहाला कळायला हवं.

सर रविवारी मुलाकडे, निहारदादाकडे, पुण्याला राहायला जाणार आहेत. तिकिटं काढली आहेत, तरी सर म्हणतात, बुधवारचं ठरल्याशिवाय मी जात नाही. आणि बुधवारचं काय ठरतंय? अध्यक्षसाहेब, आपला आदर राखूनच बोलते. मंडळाने नवी यंत्रं मागवली, आनंद आहे. गेल्या सभेत आपण म्हणालात, "हवे तो साते दिवस चालु राखवुं पडे." म्हणजे आता सातही दिवस शाळा चालू ठेवायची. गोत्रीला नवी जिम निघाली आहे, मला कळतं. आजचा कार्यक्रमही बुधवारी ठेवला, कारण हॉल रिकामा होता. प्रतापसिंहराव, हॉल रिकामा नव्हता.

म्हणून सर्वांसमक्ष सांगते. बुधवारची सुट्टी राहणार असेल तरच मी ही किल्ली उचलीन. दर बुधवारी दुपारी तीन वाजता त्या स्टुलावर मी बसेन.

अध्यक्षांनी मान डोलावली आहे. सर, पाहिलंत? आभारी आहे, साहेब. ही उचलली किल्ली.

आता समारोप. मंडळाचे, पाहुण्यांचे, मंदाबेनचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. पण खरी माफी मला दुसरीकडे मागायची आहे. माझ्या मागच्या या पडद्यापलीकडे दोर आहे. मोहनाताई, तुझ्या दिवशी आम्ही इतकी गर्दी केली, क्षमा कर. तुझे बाबा फार दमले आहेत ग. तू खाली आल्याशिवाय त्यांना सुट्टी नाही. दोघंही आता विश्रांती घ्या.

पुढच्या रांगेतले तुम्ही सगळे असे उठून का उभे राहिलात? पडदा गादीपर्यंत पोचत नाही, हे मला माहीत आहे. मघापासून तुम्हाला दोराचं टोक दिसत होतं, टेकलेलं.

थांबा, मीच वाकून बघते.

सर... टोक वर गेलंय. चार बोटं.